घाट उतरायच्या गोळ्या

तुळजापूर, २७ डिसेंबर १९६१

जावईबापूंचं पत्र आलं. सरोजिनीच्या पायांवर सूज आहे, रक्तदाब वाढलाय, आणि सोलापूरच्या लेडी डॉक्टरनं बजावलंय की पोरीला घाट चढवून तुळजापूरला न्यायचं नाही. गचके बसले तर जबाबदारी आमची नाही म्हणे. म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी नाही. तिला सासू नाही, नणंद नाही. राघवेंद्र गिरणीत कारकून, त्याला बाळंतिणीचं काय कळतंय? शेवटी लिहिलंय, 'आईंनी जानेवारीअखेर यावं. सरू रोज विचारते.' दिवस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातले आहेत.

मी तर एका पायावर तयार आहे. सोलापूर म्हणजे काही काशी नव्हे, सकाळी एसटीत बसलं की जेवायला तिथं. शाळेचं वार्षिक निरीक्षण तोंडावर, पुढं निवडणुका, कन्याशाळेची मुख्याध्यापिका मीच आणि चौथीचा वर्गही माझ्याच गळ्यात. हे सगळं आहेच, पण त्यातनं वाट काढता आली असती. खरी अडचण आमच्या घरातच मांडी घालून बसली आहे. पत्र वाचून दाखवलं तर हे पानाला चुना लावत म्हणाले, "मला काही घाट उतरवणार नाही. एसटीत बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतो."

ऐका! पुजाऱ्याचा वंश, दारातून वाकून आत यावं लागतं एवढी उंची, आरती म्हणायला लागले की दोन गल्ल्यांपलीकडं ऐकू जातं, आणि हे एसटीला भितात. महिन्यातून एकदा शेजारच्या काक्रंबा गावी यजमानांकडं सायकल हाणत जातात तेव्हा पोटात गोळा येत नाही. येताना तिथल्या कुणा बाईच्या हातची शेंगाची चटणी आणतात, अगदी सोलापूरच्या तोडीची, तेव्हाही तब्येत ठणठणीत असते.

"इतकी वर्षं कधी बोलला नाहीत ते?" मी विचारलं.

"इतकी वर्षं घाट उतरायचा प्रसंग कुठं आला?"

हे मात्र खरं. सरूचं लग्न इथंच देवीच्या पायाशी लागलं. सणावाराला पोरगीच वर येते. आम्हाला सोलापुरात काम तरी काय?

३० डिसेंबर

आज यांनी मला जैनोद्दीन मास्तरांकडं ओढून नेलं. "तू चल. मला माझं धड सांगता यायचं नाही." मास्तर पूर्वी उर्दू शाळेत होते. आता घड्याळं दुरुस्त करतात आणि उरलेल्या वेळात माणसं. होमिओपॅथी टपालानं पुस्तकं मागवून शिकले. एका पेटीत घड्याळांची चाकं, शेजारच्या पेटीत साबुदाण्याहून बारीक पांढऱ्या गोळ्या. कुणाला चुकून स्प्रिंग गिळायला मिळाली तरी नवल नाही.

नाडी बघितली नाही, जीभ बघितली नाही. नुसते प्रश्न.

"सफर ठरली की रोग्याला झोप येती?"

हे म्हणाले, "डोळ्याला डोळा नाही."

"काम नसताना काम काढतो? ट्रंक भरतो, पुन्हा उपसतो?"

"अगदी तसंच."

"चिडतो? घरच्यांवर तोंड सोडतो?"

"फार."

"उंचावरनं खाली बघवत न्हाई? आन् गोड? गोड लई लागतं?"

"गोडाच्या डब्याला झाकण राहत नाही, मास्तर."

मला हसू आवरेना. हे चिडतात? लग्न झाल्यापासून या माणसाचा घरात आवाज चढलेला मी ऐकला नाही. तोंड सोडायचं काम आमच्या घरात मलाच करावं लागतं. आणि गोड? पुरणपोळी ताटात तशीच ठेवून कटाच्या आमटीवर भात ओरपणारा हा माणूस! मी मध्येच म्हटलं, "मास्तर, यातलं एक अक्षर खरं नाही."

मास्तरांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. माझ्याकडं बघितलं, मग यांच्याकडं बघितलं. "बाईसाब, रोग्याचं बयान चालू असताना घरच्यांनी मधी बोलायचं न्हाई."

मी विचारलं, या साखरेच्या कणांनी होणार काय? तर म्हणाले, "जी चीज निरोगी माणसाला आजार लावती, तीच जराशी दिली की आजाऱ्याचा आजार जातो. आमच्या इल्माचा उसूल हाय हा." म्हणजे घाटाला भिणाऱ्यासमोर आणखी एक भित्रा आणून बसवायचा! मी तसं तोंडावर म्हटलंही. दोघं एकमेकांकडं बघून मिशीत हसले. पुरुषांना हसायला निमित्त कसलंही चालतं.

मग पथ्य. हिंग नको, कच्चा कांदा नको, कॉफी नको. गोळीला हात लावायचा नाही, कागदावर घेऊन थेट जिभेवर. आणि सगळ्यात कडक म्हणजे कापूर वर्ज्य. कापराचा नुसता वास लागला तरी गोळी मेली समजायची.

तुळजापुरात, पुजाऱ्याच्या घरात, खाली शिवलिंगप्पाचं कुंकू-कापराचं दुकान असताना, कापूर वर्ज्य! यांनी "बरं" म्हणून मान हलवली. धन्य आहे.

१ जानेवारी १९६२

नव्या वर्षाचा पहिला मूर्खपणा. घरात बाटली ठेवायला कापराच्या वासाशिवाय वीतभर जागा नाही, म्हणून ती माझ्या शाळेतल्या टेबलाच्या खणात ठेवायची असं यांनी परस्पर ठरवलं. सकाळी शाळा भरताना आणि सुटताना यांनी यायचं, मी चार गोळ्या कागदावर घ्यायच्या आणि यांच्या जिभेवर सोडायच्या.

मी म्हटलं, "तुमचे तुम्ही घ्या की."

"माझा हात थरथरतो. सांडतील."

सोवळं नेसलेला सहा फुटी पुजारी टेबलासमोर आ वासून उभा, आणि मुख्याध्यापिकाबाई त्याच्या तोंडात गोळ्या सोडतायत. चौथीच्या पोरी खिडकीला लोंबकळून बघत होत्या. आमची शिपाईण सिताबाई पदर तोंडात कोंबून उभी. "बाई, चिमणी पिलाला चारती तसं दिसतंय वो." मी तिला पाण्याचा माठ घासायला पाठवलं. तो कालच घासलेला होता.

५ जानेवारी

शिवलिंगप्पा वर आला. घरमालक म्हणून नव्हे, दुकानदार म्हणून आला होता. "बाई, गुरुजींनी कापूर सोडला व्हय? माझं गिऱ्हाईक विचारायलंय. खुद्द पुजारीच घरच्या देवाला नुसतं निरांजन ओवाळाय लागला तर मी हे पुडे कुणाला विकू? घाटाखाली टाकून देऊ?"

शाकंभरीचं नवरात्र आठ दिवसांवर. यात्रेकरू येणार, आणि आमच्या घरी पूजा सांगणारा माणूस कापूर पेटला की नाकाला उपरणं लावून अंगणात पळणार. यांच्या चुलतभावानं पूजेची पाळी स्वतःकडं घेतली आणि वर चार शब्द ऐकवले. एका मुसलमान घड्याळजीच्या साखरेपायी देवीचा कापूर टाकला म्हणाला. हे शांतपणे ऐकून घेत होते. मी नाही ऐकून घेतलं. म्हटलं, "भावजी, कापूर टाकला की तुमच्यासाठी सोडला? पाळीची दक्षिणा कुणाच्या घरात जाणार आहे?" तो तडक निघून गेला.

मी यांची बाजू घेतली असं नाही. यांना बोलायचा हक्क माझा आहे, गावाचा नाही.

१२ जानेवारी

हलवा करायला बसले. जाड तिळाचा काटेरी हलवा नाही, खसखशीचा, लहान लेकराच्या बोटाला टोचू नये असा. परातीत खसखस, खाली मंद शेगडी, थेंब थेंब पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. बोटं भाजतात, पण दाणा कसा पांढराशुभ्र, गोलमटोल येतो. सरूला पाठवायचा आहे. कुणी जाणारं असलं की हे पाठवतात. दिवाळीचा फराळ, डिंकाचे लाडू, माझा पितळी डबासुद्धा असाच कुणाबरोबर तरी गेला. डबा अजून परत आलेला नाही. लोकांना दुसऱ्याच्या वस्तूची फिकीर नसते.

सिताबाई मदतीला होती. म्हणाली, "बाई, निम्मा हलवा तुमीच खाल्लाय. हल्ली लई गोड खाताय तुमी." मी चव बघत होते. चव बघितल्याशिवाय पाक कळत नाही.

मग तिनं नको ते काढलं. "जाणार ना वो बाई तुमी? पोर वाट बघत आसंल. तुमची आई त्याच घाटात..." मी म्हटलं, सिताबाई, परात धर.

त्या गोष्टीचा याच्याशी काय संबंध? ते अठ्ठेचाळीस साल, ती रझाकारांची पळापळ, त्या बैलगाड्या, तो काळ गेला. आता डांबरी रस्ता, सरकारी गाडी, हातात तिकीट. मी पुढच्या गाडीत होते, सरू मांडीवर. आई तापानं फणफणलेली, मागच्या गाडीत, यांच्या मांडीवर डोकं ठेवून. मोठ्या वळणावर मागची गाडी थांबली हे मला कळलंच नाही. खाली पोचल्यावर कळलं. मला आई हवी होती आणि ती वर वळणावरच गेली होती. बास. यापलीकडं त्यात लिहिण्यासारखं काही नाही. त्यानंतर मला सोलापुरात काम पडलं नाही, इतकंच.

१८ जानेवारी

सिताबाईनं खणातली झुरळं जावीत म्हणून कापराच्या चार वड्या टाकल्या. गोळ्यांच्या बाटलीला अगदी खेटून! शाकंभरीची गर्दी आहे, गावात कापूर उतू चाललाय, तिला कुणीतरी पुडा दिला आणि बाईंचं भलं करावं असं वाटलं.

मास्तरांच्या शास्त्राप्रमाणं सगळ्या गोळ्या मेल्या. पुन्हा त्या भिंगासमोर जाऊन "मास्तर, गोळ्या मेल्या हो" म्हणून गळा काढायचा? माझ्याच्यानं होणार नाही. मी गोळ्या खिडकीतून फेकल्या, बाटली धुतली, उन्हात वाळवली आणि खसखशीचा हलवा भरला. रंग तोच, आकार तोच. बघू या साखरेत आणि साखरेत काय फरक पडतो.

संध्याकाळी हे आले, आ केला. मी चार दाणे सोडले. एरवी चटकन मिटतात तोंड. आज जिभेवर घोळवत बसले. दाताखाली खसखस करकरली असावी. माझ्याकडं एकदा बघितलं.

"काय झालं?" मी म्हटलं.

"काही नाही. आज दोन जास्त दे."

गोड न आवडणारा माणूस! गुण येतोय म्हणाले. मी मनात इतकी हसले की हजेरीची बेरीज चुकली.

२४ जानेवारी

गाव खुळं झालंय. तीन तारखेपासून आठ ग्रह एका राशीत येणार, अष्टग्रही, आणि जग बुडणार. कुठं भूकंप, कुठं प्रलय, ज्याला जे सुचेल ते. घरोघर होम, चौकाचौकांत जप. शिवलिंगप्पाचा कापूर संपला, त्यानं दुसरा माल मागवला. जग बुडणार असताना माल मागवतो! प्रवास तर कुणीच करत नाही. शहाणीसुरती माणसं बाहेरगावची लग्नं पुढं ढकलतायत.

आज सरूच्या हातचं पत्र आलं. चार ओळी. 'आई, सूज उतरत नाही. डॉक्टरीण आता काही बोलत नाही, नुसती मान हलवते. मला भीती वाटते. तू ये. जग बुडायचं असलं तर निदान तू जवळ पाहिजेस.'

मी पत्र तीनदा वाचलं. माझी पोर मला बोलावते आहे आणि मी इथं बसले आहे. कुणामुळं? मी ट्रंक भरली. मग आठवलं, निरीक्षक सोमवारी येणार म्हणाले होते. ट्रंक उपसली. मग सिताबाई सांगत आली की निरीक्षक अष्टग्रहीमुळं येत नाहीत. पुन्हा भरली. मग वाटलं, जाड लुगडी कशाला, काढली. हे पलंगावर बसून बघत होते. मला संताप आला.

"बसा! बसून बघा नुसते! तुमच्या भित्रेपणापायी माझी लेक तिथं एकटी आहे. तुम्हाला एसटीचा गोळा येतो म्हणून मी इथं अडकले. तुम्ही धड असता तर मी केव्हाच गेले असते."

"तू एकटी जातेस?" यांनी हळूच विचारलं.

"मला काय धाड भरली आहे? गेले असते. पण तुमच्यासारख्या माणसाला असं टाकून कसं जाऊ? उद्या गावात तोंड दाखवायला जागा ठेवाल का?"

"मग मला धरून ने," हे म्हणाले. "तू कपाळ धरलंस तर मी उतरेन. एकटा नाही उतरणार. तुझ्यावाचून मला जमायचं नाही."

सहा फुटी माणूस, आणि असं बोलताना लाज नाही. शेवटी मीच सांगितलं, सोमवारच्या पहिल्या गाडीनं निघायचं. कुणीतरी कणखर व्हायलाच हवं.

सोलापूर, २९ जानेवारी

पोचलो. सरू दारात उभी होती. सुजलेल्या पायांनी उभी! मला बघून रडायलाच लागली. मी आधी तिला आत नेऊन निजवलं, मग ओरडले, मग रडले.

आता प्रवासाचं. गाडीच्या कितीतरी आधी आम्ही थांब्यावर हजर. मीच घाई केली, कारण यांच्या पायांचा काय भरवसा. अष्टग्रहीच्या कृपेनं गाडी रिकामी. कंडक्टर यांना बघून हसला, म्हणाला, "काय गुरुजी, आज वहिनी बी संगं?" देवीच्या गावचा पुजारी म्हटला की सगळ्यांची सलगी. यांनी त्याला डोळ्यानं काहीतरी खुणावलं. भेदरलेला माणूस कुणाकडं कसाही बघतो.

गाडी सुटताच यांचं सुरू झालं. छातीत धडधडतंय. हात गार पडले. मी हात हातात घेतले. आता लिहिताना आठवतंय, मला तरी ते गरमच लागले. गोळ्या मागितल्या, दिल्या. पुन्हा मागितल्या, पुन्हा दिल्या. मागच्या बाकावर सिद्धम्मा नावाची उमरग्याची बाई बसली होती. तिनं लिंबू पुढं केलं, ते यांना नको. "मला हीच गोळी लागते, हिच्याच हातची," असं त्या परक्या बाईसमोर सांगितलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

घाट लागला आणि यांनी समोरच्या दांड्यावर डोकंच टेकलं. "शारदा, पोटात ढवळतंय, कपाळ धर, घट्ट धर, सोडू नकोस." मी वाकून दोन्ही हातांनी कपाळ धरलं. गाडी वळायची, मी यांच्या अंगावर कलंडायची, आणि तोंडानं सारखी चालूच, की अहो श्वास घ्या, अहो डोळे मिटा, पोरी बऱ्या हो तुमच्यापेक्षा, चौथीच्या पोरी मागं एकदा घाटातून सहलीला जाऊन आल्या. अख्ख्या घाटात मला दिसलं ते एवढंच, यांची शेंडी आणि उपरण्याची किनार. मान वर केली तेव्हा तामलवाडी आली होती. सपाट रान, दोन्ही बाजूंना ज्वारी.

"संपला?" मी म्हटलं.

"संपला," हे म्हणाले, आणि उपरण्यानं तोंड पुसून सरळ बसले. रंग बघावा तर तरतरीत. मग तामलवाडीच्या थांब्यावर उतरून दोन भजी खाल्ली! म्हणे गोळ्यांचा गुण. जैनोद्दीन मास्तर, ऐका, तुमचा उसूल माझ्या खसखशीनं सिद्ध केला. खरं सांगितलं असतं तर परतीला रस्त्यावर बसले असते, म्हणून गप्प राहिले.

४ फेब्रुवारी

मुलगी झाली. दुपारी.

काल सकाळपासून दवाखान्यात होतो. सरूचे डोळे मध्येच फिरले, हातपाय ताठले. डॉक्टरीण धावत आली, सुया दिल्या, सगळ्यांना बाहेर काढलं, मला मात्र आत ठेवलं, कारण सरूनं माझं मनगट धरलं होतं ते सोडेचना. अजून पाच बोटांचे वळ आहेत. "आई आहे ना? आई इथंच आहे ना?" एवढंच म्हणत होती. मी म्हणत होते, आहे, इथंच आहे, कुठं जाणार आहे? मला दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

दोघी सुखरूप आहेत. पोर एवढीशी आहे, पण आवाज आजोबांचा.

बाहेर गल्लीत कुणीतरी जग बुडतंय म्हणून टाळ कुटत होतं. कुटू देत. मी नसते आले तर, हा विचार मनात येतो आणि माझे हात गार पडतात. मी यांना म्हटलं, "तुमच्या भित्रेपणानं आज केवढा घात झाला असता." हे म्हणाले, "हो गं. तू आणलंस मला म्हणून."

१२ फेब्रुवारी

हे पाळीसाठी वर गेले. एकटे! मी विचारलं, घाट कसा चढणार? तर म्हणे, "चढताना मला काही होत नाही. फक्त उतरताना." दुखण्याचीही काय एकेक तऱ्हा असते.

२० फेब्रुवारी

समोरच्या नसीमबी बाळ बघायला आल्या. चांगल्या बोलक्या आहेत. हातात चटणीची पुडी. मी चव घेतली आणि म्हटलं, "अगदी काक्रंब्याच्या चटणीसारखी आहे."

"कुठल्या काक्रंब्याच्या?" त्या हसल्या. "तुमचे साहेब दर महिन्याला माझ्याकडनंच तर न्हेतात. पोरीकडं आले की पयलं माझ्या दारात. 'आमच्या बाईला लई आवडती, नसीमबी, ताजी कुटून द्या,' म्हणतात."

सरू बाळाच्या कुंचीची गाठ सोडत बसली. सुटलेलीच गाठ पुन्हा सोडत होती. मी स्वयंपाकघरात गेले. फळीवर माझा पितळी डबा. त्याच्या शेजारी यांचं जुनं धोतर, धुऊन घडी घातलेलं.

दर महिन्याला. सायकल कुणाच्या अंगणात लावून एसटीत बसत असतील? कंडक्टर उगीच नाही हसला.

म्हणजे एवढे दिवस मुख्याध्यापिकेच्या टेबलासमोर आ वासून उभा राहणारा माणूस! चुलतभावाची बोलणी ऐकली, पाळी सोडली, शिवलिंगप्पाच्या दुकानाची चेष्टा केली, गावात हसू करून घेतलं. आणि मास्तर! 'रोग्याचं बयान चालू असताना घरच्यांनी मधी बोलायचं न्हाई.' ट्रंक भरतो, पुन्हा उपसतो. तोंड सोडतो. गोडाच्या डब्याला झाकण राहत नाही. कुणाचं बयान चाललं होतं ते? दोघे लबाड!

मला इतका राग आलाय की पेन कागदात रुततंय. आल्यावर हजेरी घेणार आहे. सांगणार आहे की, अहो, तुम्ही हलवा खाल्लात, हलवा! पण हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, हेही मला आता कळतंय.

त्या वळणावर कपाळ धर म्हणाले. घट्ट धर म्हणाले. आई ज्यांच्या मांडीवर गेली, त्यांना वळण कुठलं ते कुणी सांगायला नको होतं.

आज एवढंच लिहिते.

तुळजापूर, ४ मार्च

परत आलो. हे न्यायला आले होते. उतरताना काही झालं नाही का, असं सरूनं विचारलं, तर म्हणाले, "डोळे मिटून आलो." हजेरी घ्यायची होती ती राहिली.

सोलापूरच्या थांब्यावर गाडी लागली. हे तिकिटं काढायला गेले, शीळ घालत. मी ट्रंकेवर बसले होते. गाडीवर तुळजापूरची पाटी चढवली आणि माझे हात गार पडले. मला हलवा हवासा वाटला. वाटलं, बाळाची कुंची राहिली, परत जाऊन द्यावी, उद्याच्या गाडीनं गेलं तर काय बिघडतंय. पिशवी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

हे परत आले. माझ्याकडं एकदा बघितलं. शीळ थांबली, आणि सहा फुटी माणूस माझ्याशेजारी धपकन बसला. "शारदा, मला बरं वाटत नाही. पोटात गोळा आलाय."

चढताना काही होत नाही म्हणणारा हा माणूस. मी विचारणार होते. जिभेवर आलं होतं.

बाटली काढली. कागदावर दाणे घेतले.

"आ करा," मी म्हटलं.

यांनी आ केला.

घाटात यांनी दांड्यावर डोकं टेकलं. मी एकाच हातानं कपाळ धरलं. मोठं वळण आलं तेव्हा मान वळवून बाहेर बघितलं. कठड्याचे दगड, एक चिंच, चिंचेखाली शेळ्या. गाडी वळली आणि ते मागं गेलं. "आई," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असावं, कारण यांनी डोकं वर न करता माझा दुसरा हात धरला. मग मी यांना म्हटलं, श्वास घ्या नीट, पोरी बऱ्या तुमच्यापेक्षा.

वर आलो. शिवलिंगप्पाच्या दुकानातला कापराचा वास जिन्यापर्यंत आला होता. बाटली रिकामी झाली आहे. उद्या सिताबाईला पाठवून खसखस आणायला हवी. उष्टावणाला पुन्हा खाली जायचंय, आणि यांना एकट्याला काही जमायचं नाही.